पिवळी बोट, सासूबाई आणि लाल टोपी

मोजमापाच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बढाई म्हणून नाही, नोंद म्हणून. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या नळांना येणारं पाणी आधी माझ्या काचेच्या नळीतून जातं आणि मगच लोक त्याने तोंड धुतात. घरातसुद्धा मी चहाची साखर चमचा सपाट करून घालते. नवरा म्हणतो, तुझ्या हातचा चहा रोज सारखाच लागतो. तो ही तक्रार म्हणून सांगतो. मी कौतुक म्हणून घेते.

त्यामुळे आमच्या तलावावरच्या शिडांच्या क्लबाने मुलांच्या शर्यतींसाठी नवी जोडबोट निवडायचं ठरवलं, तेव्हा तिची चाचणी माझ्या गळ्यात आली यात नवल नव्हतं. मी ती इतकी चोख आखली की नावं ठेवायला कुठे जागाच उरली नाही. पुढे जे झालं त्यात चाचणीचा काही दोष नाही. खरं तर ती जरा कमी चोख असती, तर सासूबाई आणि मी बऱ्याच आधी कोरड्या झालो असतो.

जोडबोट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांच्यामध्ये जाळी ताणायची, पुढे डोलकाठी उभी करायची आणि तिला शीड लावायचं. दोघांनी जाळीवर बसायचं. वारा वाढला की एक होडी पाण्यावरून वर उचलली जाते, आणि मग त्या बाजूच्याने कमरेचा हूक तारेला अडकवून बाहेर लटकायचं. काठावर उभ्या असलेल्या आया या वेळी दुसरीकडे बघतात. शर्यतीत सगळ्यांकडे एकाच जातीची बोट लागते, तेच माप, तेच शीड, तेच वजन. या जातीला क्लास म्हणतात. बोट सगळ्यांची सारखी, म्हणजे हरल्यावर खापर बोटीवर फोडता येत नाही. मला हा खेळ आवडतो तो याचसाठी.

आमची मुलगी उंच आणि बारीक आहे, म्हणून तिला सगळे काडी म्हणतात. तिची जोडीदारीण शेजारच्यांची, बुटकी आणि चौकोनी, म्हणून ती पेटी. दोघींना मिळून क्लबात काडेपेटी म्हणतात. लहान मुलांच्या एकेरी बोटींतलं त्यांचं वय या हंगामात संपत होतं. पुढच्या हंगामात क्लबाने त्यांना पेलेल अशी जोडबोट घेतली, तर त्या शर्यतीत राहणार. नाही घेतली, तर त्यांचं शीड कायमचं गुंडाळलं. काडीने घरात याविषयी चकार शब्द काढला नव्हता. नुसती जेवताना पोळीचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून मध्ये बोटाने रेघ मारत बसायची.

क्लबाचे अध्यक्ष म्हणजे कॅप्टन. आयुष्यभर मालवाहू जहाजं चालवून निवृत्त झालेले. आवाज मात्र अजून निवृत्त झालेला नाही. त्यांच्या मनात निळी बोट होती. लांबलचक, वेगवान, दोन-दोन तारा असलेली. माझ्या मनात पिवळी होती.

"निळीच घ्यायची," ते बैठकीत म्हणाले. "आज सगळीकडे निळी चालते."

"निळी कलंडली तर मुलांना ती सरळ करता येणार नाही," मी म्हटलं.

"कलंडवायचीच कशाला?"

"बोट विचारून कलंडत नाही, कॅप्टन."

मी फळ्यावर आकृती काढली. कलंडलेली बोट, पाण्यात आडवं पडलेलं शीड, खालच्या होडीवर उभं राहून दोर धरून मागे रेललेले दोन जण. एका बाजूला बोटीचं वजन, दुसऱ्या बाजूला त्या दोघांचं. लहानपणी बागेत सी-सॉ खेळलेल्या कुणालाही हे कळावं. निळीला दोन दणकट पुरुष लागत होते. कॅप्टन फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माणूस हट्टी असला तरी गणिताशी भांडत नाही.

"आणि तुमची ती पिवळी?"

"पिवळी लहान आहे. काडेपेटीच्या वजनाच्या जोडीला ती कुणाच्याही मदतीशिवाय सरळ करता येईल."

"फळ्यावर."

"फळ्यावर येतं ते पाण्यावरही येतं," मी म्हणाले. हे वाक्य पुढे क्लबात बरंच गाजलं.

"मग दाखवा करून," कॅप्टन म्हणाले. "आली सरळ तर पिवळी आपला क्लास. नाही आली तर यंदा जोडबोटीचं नाव काढायचं नाही. पोरांना अशा बोटीवर पाठवायला मी काही वेडा नाही."

यात काही चूक नव्हती. चूक नसलेल्या अटी फार महागात पडतात.

पहिली अडचण अशी की पिवळी बोट दुसऱ्या एका क्लबाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेली होती, आणि त्यांनी बजावून सांगितलं होतं की आमच्या बोटीवर तुमची मुलं चढता कामा नयेत. म्हणजे चाचणी मोठ्यांनीच करायची, पण वजन मात्र काडेपेटीएवढंच हवं. आमच्या कमिटीतले सगळे सभासद वजनदार. त्यातल्या त्यात हलकी मी. काडीच्या वजनाच्या मी आसपास भरते. पेटीच्या वजनाचं कुणी मिळेना.

"मी आहे ना," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिटी ठेवून दिली, पण बाकी काहीच सोडलं नाही. रोज सकाळी तलावात पोहतात आणि येताना इतरांच्या हात मारण्यातल्या चुका सांगत येतात. नातीच्या सरावाला त्या इतक्या वेळा गेल्या आहेत की क्लबातल्या अर्ध्या लोकांना त्याच कोच वाटतात.

"आई, वजन करावं लागेल," मी म्हटलं. "पेटीएवढं भरलं पाहिजे, कमी चालणार नाही."

"कर की. पळून कुठे चाललेय?"

त्या आत गेल्या आणि जाड लोकरी स्वेटर घालून आल्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

"गारठा वाटतोय," त्या म्हणाल्या.

मी काट्यावर त्यांचं वजन केलं. मग स्वेटरचं वजन किती असेल ते तशाच दुसऱ्या स्वेटरवरून काढलं आणि वजा केलं. इतकी मी काटेकोर. आकडा थेट पेटीच्या वजनावर येऊन थांबला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "तंतोतंत."

इतकं तंतोतंत जगात काही नसतं. प्रयोगशाळेत असा आकडा आला की मी नळी धुऊन पुन्हा तपासते. पण सासूबाईंना धुऊन पुन्हा कसं तपासणार?

आता नियम. पिवळी निवडली जावी असं मला वाटत होतं, आणि माझी मुलगी त्यावर बसणार होती. कुणी म्हणेल, आईनेच चाचणी घेतली आणि आईनेच पास केली. म्हणून मी नियम असे केले की कुणाला बोट दाखवता येऊ नये. आमच्यामागे मोटारबोटीतून कॅप्टन आणि माझा नवरा येणार होते. धक्क्यावर उभं राहून मी त्यांना सगळं नीट समजावलं.

"आम्ही मदत मागू," मी म्हटलं. "देऊ नका."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"माणूस पाण्यात पडला की मदत मागतोच, ते स्वाभाविक आहे. पण तुम्ही हात लावलात की चाचणी फुकट गेली. म्हणून कितीही हाका मारल्या तरी दूर थांबायचं. दुसऱ्या कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

"आणि खरंच अडचण आली तर?"

मी डोक्यावरची लाल टोपी दाखवली. "मी, म्हणजे मी स्वतः, उजव्या हाताने ही टोपी डोक्याच्या वर धरली, तरच यायचं. टोपी वर गेली की चाचणी संपली आणि बोट नापास."

"उजव्याच हाताने का?"

"डावा दोरावर असेल. आणि बोट निघाल्यापासून तिच्यावर जे सामान असेल तेवढंच आम्ही वापरणार. बाहेरून काही घेणार नाही."

"वेळ किती?" कॅप्टननी विचारलं.

"वेळेची अट कशाला? डोळ्याचं पातं लवायच्या आत बोट सरळ होईल."

"आणि पाण्यावर गेल्यावर नियम बदलला तर?" नवऱ्याने विचारलं. हा माणूस एरवी मी काय बोलते तिकडे लक्ष देत नाही. त्या दिवशी कसं कोण जाणे, कान देऊन ऐकत होता.

"पाण्यावर नियम बदलायचा अधिकार कुणालाही नाही," मी म्हणाले. "मलासुद्धा नाही."

काडेपेटी धक्क्याच्या टोकाला दुर्बीण घेऊन बसली होती. काडीने मला हात केला नाही. तिचे दोन्ही हात दुर्बिणीवर घट्ट होते.

आम्ही निघालो. वारा छान होता. सासूबाईंनी सुकाणू धरलं, मी शिडाचा दोर. पिवळी अशी सरकत होती, जशी ताटावरून लोण्याची वडी. सासूबाई तर खूश होऊन तारेला लटकून आल्या, तेही चाचणीत नसताना. तलावाच्या मध्यावर मी शीड घट्ट ओढलं, सासूबाई मुद्दाम चुकीच्या बाजूला बसल्या आणि ठरल्याप्रमाणे बोट कलंडली. आम्ही पाण्यात पडलो, वर आलो, खालच्या होडीवर चढलो. दुसरी होडी आता आमच्या डोक्यावर आकाशात, मधली जाळी भिंतीसारखी उभी. मी दोर वरून टाकला, दोघींनी धरला आणि मागे रेललो.

बोट हलली. शीड पाण्यातून वीतभर वर आलं. आणि तिथेच थांबलं.

"रेला, आई."

"रेललेयच की. आता आणखी रेलले तर घरी पोचेन."

शीड पुन्हा पाण्यात बसलं. आम्ही परत ओढलं. पुन्हा वीतभर. पुन्हा खाली. मी मनातल्या मनात सगळं गणित पुन्हा मांडलं. बोटीचं वजन बरोबर, दोराचा कोन बरोबर, माझं वजन त्याच सकाळी केलेलं. काहीतरी कमी पडत होतं, आणि फार नाही, थोडंच.

"आई," मी म्हटलं, "एक विचारू?"

सासूबाई जाळीला पाठ टेकून होडीवर बसल्या आणि दूर डोंगराकडे बघू लागल्या. त्यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडावर हा भाव हजारदा पाहिला असेल. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "स्वेटरच्या आत माझ्या कमरेला बत्ता होता."

"कसला बत्ता?"

"खलबत्त्यातला. लोखंडी. कमी भरले असते तर तू मला घेतलं नसतंस."

  मी स्वेटर वजा केला होता. बत्ता कोण वजा करतं?

"म्हणजे पेटीएवढं वजन असतं तर बोट आली असती वर," मी म्हटलं.

"आलीच असती. बोट चांगली आहे. वाईट मी आहे."

आता करायचं काय, तर सोपं होतं. टोपी वर करायची, घरी जायचं, आणि खरं सांगून दुसरी जोडी शोधायची. पण बोट उद्या परत जाणार होती, आणि टोपी वर गेली की बोट नापास. हा नियम कुणी केला होता ते तुम्हाला माहीतच आहे. तरी मी डोक्याला हात लावला. टोपी नव्हती.

"टोपी कुठे गेली?"

"मी बसलेय तिच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, द्या इकडे."

"नाही देणार. माझ्या चुकीपायी पोरींचं शीड गुंडाळायचं नाही. काहीतरी दुसरं शोध. एवढी शिकलीस ती कशाला?"

मी मोटारबोटीकडे वळले. ती ठरलेल्या अंतरावर, अगदी सभ्यपणे उभी होती.

"ऐक," मी नवऱ्याला हाक मारली, "वजनात घोटाळा झालाय. या जवळ."

"हाका मोजायच्या नाहीत असं ठरलंय," तो ओरडला.

"अरे, हे खरंच आहे."

"अडचण खरी असली तर टोपी वर करायची, हेही तूच सांगितलंयस."

"मग तो नियम रद्द समज."

"पाण्यावर कुणालाही अधिकार नाही. तुलासुद्धा नाही." त्याच्या चेहऱ्यावर परमसुख होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं शब्दशः ऐकायचा मुहूर्त त्याला आजच सापडला होता. कॅप्टन त्याच्या शेजारी मान डोलवत होते.

"फार छान अभिनय करतात हो मॅडम," ते म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नसल्यामुळे मला ऐकू आलं.

सासूबाईंनी तेवढ्यात जाळीखाली हात घातला आणि डोलकाठीच्या बुडाशी बांधलेली एक रबरी पिशवी सोडवली. पोहायला जाताना त्या कपडे भरून नेतात ती, तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी आत न जाणारी. तिच्यातून थर्मास निघाला. बिस्किटं निघाली. कोरडा टॉवेल निघाला.

"हे कधी ठेवलंत?"

"निघायच्या आधी. तू नियम सांगत होतीस तेव्हा सगळे तुझ्याकडेच बघत होते. घे, चहा घे."

मी घेतला. खोटं कशाला सांगू, चहा उत्तम होता. साखर सपाट चमच्याहून बरीच जास्त होती. तळ्याच्या मध्यभागी, कलंडलेल्या बोटीवर, सासू आणि सून शेजारी शेजारी बसून बिस्किटं खात होत्या, आणि ऊन पाठीला छान लागत होतं. क्षणभर मला वाटलं, हे असंच चाललं तरी काही बिघडत नाही. मोटारबोटीतून नवऱ्याने विचारलं, "बिस्किटं कुठली?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

पण वारा काही चहा पीत नव्हता. तो आम्हाला हळूहळू पलीकडच्या काठाकडे ढकलत होता, आणि तिथे गळ टाकून मासे धरणाऱ्यांची स्पर्धा चालू होती. घडीच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एक मौनी माणूस. या खेळात बोलायचं नसतं, खोकायचंही नसतं. आम्ही वाहत वाहत, आडवं शीड पुढे करून, त्यांच्या गळांमध्ये शिरलो.

एक टकले गृहस्थ खुर्चीतून उठले. "अहो, बाई बुडतायत," ते कुजबुजत्या आवाजात ओरडले. तसं ओरडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. ते पाण्यात उतरू लागले.

"हात लावू नका," मोटारबोटीतून नवऱ्याने ठणकावलं. "परीक्षा चालू आहे."

"कसली परीक्षा? म्हातारी बाई आहे बोटीवर."

"म्हातारी कोण?" सासूबाई म्हणाल्या.

"ती माझी आई आहे," नवरा म्हणाला. "आणि ती बायको."

गृहस्थांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे. "पोलिसांना बोलवा रे कुणीतरी," ते शेजारच्या खुर्चीला म्हणाले. ओळीतल्या सगळ्या खुर्च्या एकदम कुजबुजू लागल्या.

आणि मला, हातात रिकामी पिशवी घेऊन बसले असताना, एकदम सुचलं. मी पाणी तपासते, पाण्यात जगते, आणि वजन वजन करत बसले होते. सभोवार होतं ते काय होतं? एक बादली पाण्याचं वजन मला झोपेतही सांगता येईल. बत्त्यापेक्षा ते कितीतरी जास्त.

"आई, उठा," मी म्हटलं. पिशवी तोंडापर्यंत तलावात बुडवून भरली, तोंड गुंडाळलं, पट्टा खांद्यावर घेतला. पाठीवर जणू तिसरी बाई येऊन बसली. "आता ओढायचं."

सासूबाई उठल्या. आम्ही दोर धरला आणि मागे रेललो, पिशवीसकट. शीड पाण्यातून वीतभर वर आलं, हातभर आलं, मग वाऱ्याने त्याच्याखाली खांदा दिला.

पण सासूबाई उठल्या तशी त्यांच्याखालची टोपी सुटली होती. ती पाण्यात गेली, दोन पावलं तरंगली आणि टकल्या गृहस्थांच्या गळाला लागली. गडबडीत त्यांनी गळाची काठी खुर्चीलाच अडकवून ठेवली होती. दोरी ताणली तशी त्यांनी मागे फिरून काठी धरली; त्यांना वाटलं, दिवसभरातला पहिला मासा. अनुभवी हाताने त्यांनी जोरात झटका दिला, आणि लाल टोपी पाणी उडवत आकाशात गेली. आमच्या डोक्यांच्या कितीतरी वर.

कॅप्टननी शिटी फुंकली.

त्याच वेळी पिवळी धाडकन सरळ झाली, आम्ही दोघी तिच्याखाली गेलो, जाळीतून बाहेर आलो आणि वर चढून बसलो. खुर्च्यांच्या ओळीने मौन सोडून टाळ्या वाजवल्या.

"टोपी आधी वर गेली," कॅप्टन म्हणाले. मोटारबोट आता जवळ आली होती. त्यांचा चेहरा पडला होता. शिटी फुंकताना त्यांनाही आनंद झाला नव्हता. "बोट नंतर सरळ झाली. मॅडम, नियम तुमचाच आहे."

मी मागे वळून बघितलं. पलीकडे धक्क्यावर दोन ठिपके होते, एक उंच, एक चौकोनी, आणि दोन्ही अगदी निश्चल. शिटी तिथवर पोचलीच असणार.

"थांबा, कॅप्टन," नवरा म्हणाला. "नियम शब्दशः बघा. 'मी स्वतः, उजव्या हाताने.' टोपी हिने धरली का?"

"नाही. त्यांनी," कॅप्टननी काठाकडे बोट दाखवलं.

"हाताने धरली का?"

"गळाने."

"उजव्या हाताच्या गळाने का?"

"मी डावखुरा आहे," टकले गृहस्थ काठावरून म्हणाले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं अशा घरातले वाटले.

कॅप्टन विचारात पडले. "आणि ती पिशवी? ती कुठून आली?"

"निघाल्यापासून बोटीवर होती," सासूबाई म्हणाल्या. "मीच लपवली होती. नियमात लपवू नये असं कुठे होतं?"

कॅप्टन हसायला लागले. त्यांचं हसणं तलावाच्या दोन्ही काठांवर ऐकू गेलं आणि मासे धरणाऱ्यांची स्पर्धा तिथेच संपली. "मॅडम," ते म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी बरेच नियम पाहिले. नियमाने एवढं बुडवलेलं आणि नियमानेच एवढं तारलेलं माणूस पाहिलं नव्हतं. पास. पण ती पिशवी प्रत्येक पिवळीवर बांधायची. पोरांनाही उपयोगी पडेल."

बत्त्याची गोष्ट मी तिथेच सांगून टाकली; चाचणीचा निकाल अर्धवट माहितीवर घेणं मला पटणारं नव्हतं. कॅप्टननी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे काडेपेटीपेक्षाही हलक्या जोडीने ती सरळ केली. मग तर प्रश्नच मिटला."

धक्क्यावर पोचेपर्यंत बातमी पोचली होती. पेटी जागच्या जागी उड्या मारत होती. काडी माझ्या ओल्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. त्या रात्री जेवताना तिने पोळीचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले नाहीत. नुसतेच खाल्ले, आणि आणखी दोन मागितले.

आता पिवळ्या बोटी आल्या आहेत. प्रत्येकीच्या डोलकाठीशी रबरी पिशवी बांधलेली असते. काडेपेटी पहिल्या शर्यतीत मधोमध कुठेतरी आली आणि दोनदा कलंडली. दोन्ही वेळा कुणाचीही मदत न घेता सरळ झाली. दुर्बिणीतून बघताना मी दुसरीकडे बघितलं नाही, हे मुद्दाम सांगते.

गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी. पण क्लबाने याच बोटींवर मोठ्यांचीही एक शर्यत ठेवायची ठरवली, आणि सासूबाईंनी मला न विचारता आमच्या दोघींची नावं दिली. हलक्या जोडीला फुकटचा फायदा मिळू नये म्हणून प्रत्येक जोडीला किमान वजनाची अट असावी, असा आग्रह मीच धरला होता. शिवाय, सासूबाईंचा अनुभव जमेस धरून, वजन करताना सगळ्यांनी खिसे उलटे करून दाखवावेत हा नियमही मीच घातला. सगळ्यांचं वजन केल्यावर कळलं की अख्ख्या क्लबात एकच जोडी कमी भरते. आमची. आणि तेही थोडक्यासाठी, साधारण एका बत्त्याएवढी.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता काठावर बसून टाळ्या वाजवू."

त्यांचा चेहरा काडीच्या त्या पोळीच्या दिवसांसारखा झाला होता. मी बराच वेळ विचार केला. मग नियम पुन्हा एकदा नीट आठवून पाहिला. नियमात खिसे म्हटलंय. कमरेविषयी त्यात एक शब्द नाही.

फेरवजनाच्या दिवशी ऊन चांगलंच कडक होतं. कॅप्टननी माझ्या लोकरी स्वेटरकडे बघून भुवया उंचावल्या.

"जरा गारठा वाटतोय," मी म्हणाले.